अक्काची पट्टी आणि माझा डबा

मला गिटारवर तीन कॉर्ड येतात, आणि त्यांतली एक नीट येत नाही.

एवढ्या भांडवलावर माणसाने घरात, दार लावून, शेजारी गावाला गेलेले असताना वाजवावं. पण मी पडलो जळगावातल्या एका आयटीआयमधला वायरमनचा मास्तर. जिथे माझं कौशल्य संपतं तिथे मी वायर जोडतो. त्यामुळे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, चौथी कॉर्ड शिकायच्या ऐवजी, मी गिटारचा प्रोसेसर विकत घेतला.

प्रोसेसर म्हणजे पायाशी ठेवायची एक पेटी. गिटारची वायर तिच्यात जाते, तिची वायर स्पीकरमध्ये जाते आणि मधल्या मध्ये ती आवाजाचं वाट्टेल ते करते. मला तिच्यातली एकच सोय हवी होती, पिच शिफ्टर. बोटं आहेत तिथेच ठेवायची, त्याच तीन कॉर्ड बडवायच्या आणि पायाने उजवं बटण दाबायचं. स्पीकरमधून अख्खी गिटार एक पट्टी वर! डावं दाबलं की एक पट्टी खाली. लोक जे दहा वर्षं रियाज करून शिकतात ते मी अंगठ्याने करू लागलो. (पायाच्या.)

"या डब्यात निदान भाजी तरी मावते का?" माझ्या बायकोने, मीनाने, पहिल्याच दिवशी विचारलं. तेव्हापासून त्या पेटीचं आमच्या घरातलं नाव डबा.

आता हा डबा देवघरापर्यंत कसा पोहोचला ते सांगतो. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई बसते. आमची सगळी भाऊबंदकी त्या दिवशी धुळ्याला, देवपुरातल्या थोरल्या घरी जमते. चौरंगावर देवी सजते, घरात रोट भाजले जातात, खीर होते, कढी होते, गंगाफळाची भाजी होते, आणि ते सगळं दिवसभर नुसतं हुंगायचं असतं. कारण नैवेद्याच्या आधी बायकांनी एक गाणं म्हणायचं, अशी आमच्या घराण्याची रीत आहे. भाऊबंदकीतल्या प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषाचं नाव घ्यायचं आणि तो देवीच्या दारी आला, असं गाऊन सांगायचं. धाकट्या घरापासून सुरुवात, थोरलं घर शेवटी. नावं एकूण एकतीस.

या गाण्याला दोन नियम आहेत. गाणं मध्ये थांबलं तर पुन्हा पहिल्या नावापासून. आणि ज्या बाईच्या नवऱ्याचं नाव येईल तिने त्या ओळीपुरतं गप्प बसायचं, बाकीच्यांनी म्हणायचं. (मीना एरवी दिवसातून पन्नास वेळा "सुभाष, तो टॉवेल उचल" म्हणते. कानबाईपुढे माझं नाव आलं की मात्र ओठ मिटून भिंतीकडे बघते. वर्षातले तेवढेच दहा सेकंद मला नवरा झाल्यासारखं वाटतं.)

हे गाणं उचलायचा मान अक्काचा. अक्का म्हणजे माझी थोरली काकू. पंचाहत्तरी ओलांडलेली, चणीने लहान, आणि एके काळी आवाज असा, की देवपुरात गाणं सुरू झालं की पांझरा नदीच्या पलीकडचे लोक ताटं घेत. पण दोन वर्षांपूर्वी बाराव्या नावावर तिचा आवाज चिरकला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तर नवव्यालाच बसला. शेवटी एका सुनेने मोबाइलवर कुठलंसं दुसरंच गाणं लावलं, आरती उरकली आणि सगळे पंगतीला बसले. अक्का तेवढी चौरंगाजवळ हात जोडून बसून राहिली. कोणाचं लक्ष गेलं नाही. माझं गेलं होतं, पण तेव्हा माझ्या ताटात गरम रोट होता.

ते मला वर्षभर टोचत राहिलं. त्यात गेल्या वर्षी अक्काचाच फोन आला.

"सुभ्या, औंदा मोबाइलच लावा रे. मन्हा आवाज आते सरना."

"अक्का, गाणं तूच उचल. तुला जमेल त्या पट्टीत. मी गिटार घेऊन येतो. माझ्याकडे मशीन आहे."

"मशीन मन्हा जागे गाई का?"

"नही अक्का. मशीन फक्त तुन्हा मांगे मांगे चाली."

हे मी मनापासून म्हटलं होतं. माझा हिशेब सरळ होता. सुना तरुण, त्यांचा आवाज वरचा, त्या अक्काला ओढत वर नेतात आणि तिचा गळा फाटतो. मध्ये एखादं वाद्य अक्काच्या पट्टीत भक्कम उभं राहिलं तर सगळ्या निमूट खाली येतील. अक्का घसरली तर डावं बटण, चढली तर उजवं. वायरमनच्या पुस्तकात याला संरक्षण म्हणतात.

रविवारी दुपारी डबा मांडीवर घेऊन मी एसटीने धुळ्याला पोहोचलो. (गिटार आणि स्पीकर मीनाच्या मांडीवर होते. पारोळ्यापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, पारोळ्यानंतर जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.) दिवेलागणीला मी चौरंगाच्या डाव्या हाताला बैठक मारली, वायरी जोडल्या आणि तपासणीसाठी एक कॉर्ड वाजवली.

आदल्या दिवशी घरी खेळताना मी डबा अख्खं एक सप्तक खाली करून ठेवला होता, हे मी साफ विसरलो होतो. स्पीकरमधून असा काही हुंकार निघाला की समया थरथरल्या. नाना, म्हणजे अक्काचा मुलगा, स्वयंपाकघरातून ओरडला, "मोटर कोनी चालू करी रे?" आणि बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले आबा सावरून बसले. आबा म्हणजे अक्काचे यजमान. वय ऐंशी, कानाने जवळजवळ ठार. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं, खुर्चीच्या पायांतून कळलं होतं.

"ट्रक उना का?" त्यांनी विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर द्यायला ओट्यापर्यंत जाऊन कानात ओरडावं लागतं.

मी घाईघाईने डबा शून्यावर आणला. मग अक्का आली. नऊवारी नेसलेली. चौरंगापुढे बसली, डोळे मिटले आणि तिने गाणं उचललं.

"माय तुन्हा दारे उना, भूषण उना वं माय..."

इतकं खाली! मी भराभर डावं बटण दाबत गेलो आणि डब्यावर उणे पाच उमटलं तेव्हा सूर जुळला. सुना थोड्या चुळबुळल्या, पण आल्या खाली. दहा नावं अशी गेली की काय सांगू. ढोलकी, टाळ्या, मध्ये अक्काचा तो जाडसर आवाज आणि खाली माझी गिटार. मीना माझ्याकडे चक्क कौतुकाने बघत होती. (उपासाचं पित्तही असू शकेल.)

अकराव्या नावाला अक्काला हुरूप आला आणि तिचा सूर केसभर वर सरकला. मी तयारच होतो. उजवं बटण!

पण डबा केसभर सरकत नाही. तो सरकतो तो अख्खी पट्टी. अक्काने दचकून माझ्याकडे पाहिलं, आपणच खाली राहिलो असं तिला वाटलं असावं, आणि ती वर आली. येताना उत्साहाने थोडी जास्तच आली. मी म्हटलं, अरे, चढली! आणि पुन्हा उजवं बटण दाबलं. तिने पुन्हा बघितलं, पुन्हा वर आली. मी शब्दाला जागणारा माणूस. मागे मागे चालतो म्हटलं होतं ना? चालत राहिलो.

सोळाव्या नावाला डब्यावर शून्य आलं, विसाव्याला दोन. अक्का माझ्याकडे डोळे वटारत होती. आता मला कळतं की त्याचा अर्थ "पुरे कर" असा होता. तेव्हा मला तो "आणखी" असा वाटला. पाचोऱ्याच्या दोन्ही सुनांना चोविसाव्या नावाला ठसका लागला आणि त्या पाणी प्यायला उठल्या त्या परत आल्याच नाहीत. सव्विसाव्याला मीना नुसते ओठ हलवू लागली. अठ्ठाविसाव्याला ढोलकीवालीने गाणं सोडलं आणि फक्त ढोलकी ठेवली. तिसाव्या नावाला डब्यावर सात आलं होतं, माझी गिटार डासासारखी गुणगुणत होती, आणि त्या सगळ्या खोलीत गात होती एकटी अक्का. नाकपुड्या फुललेल्या, मान ताठ, आणि आवाज? आवाज तो जुना, पांझरेपार जाणारा. आदल्या वर्षी बाराव्या नावाला चिरकलेला तोच आवाज.

मग मला भान आलं. हे आता उतरवलं पाहिजे, नाहीतर हिचा गळा जाईल आणि मला भाऊबंदकीतून काढतील. मी घाईघाईने डावं बटण दाबायला पाय नेला. देवापुढे चपला नकोत म्हणून मी नुसत्या मोज्यांवर होतो, आणि माझा पाय रुंद आहे. दोन्ही बटणं एकदम दाबली गेली.

दोन्ही बटणं एकदम दाबली की डबा तारा जुळवायच्या कामाला लागतो आणि स्पीकरचं तोंड बंद करतो. हे माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर छापलेलं आहे. मी तिसऱ्या पानापर्यंत आलो होतो.

गिटार गप्प झाली. एकतिसावं नाव आलं. थोरलं घर, शेवटचं नाव, आणि ते नाव होतं आबांचं. नियमाप्रमाणे अक्का गप्प बसली आणि बाकीच्या बायकांची वाट पाहू लागली. बाकीच्या बायका कोणी पाणी पीत होत्या, कोणी घसा चोळत होत्या. मीनाने धीर करून तोंड उघडलं, पण त्या उंचीवर तिच्या तोंडातून नुसती हवा आली.

ढोलकी तेवढी वाजत होती. ती थांबली की गाणं मोडलं, आणि मोडलं की पुन्हा पहिल्या नावापासून! दारात नाना नैवेद्याचं ताट घेऊन उभा होता. त्याच्या मागे सकाळपासून उपाशी असलेले पंचवीस पुरुष.

"माय," नाना काकुळतीने म्हणाला, "म्हनी टाक ना व. पह्यलापाईन नको आते."

अक्काने देवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. (ते पाहणं मला अजून आठवतं, साधारण आंघोळीच्या वेळी.) मग तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, श्वास घेतला, आणि पंचावन्न वर्षांच्या संसारात जे नाव तिने कोणापुढे घेतलं नव्हतं ते सातव्या पट्टीत, छत हलेल असं घेतलं.

"माय तुन्हा दारे उना, हिरामन उना वं माय!"

ढोलकी थांबली. ओट्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काठी टेकत टेकत आबा दारात येऊन उभे राहिले.

"हा, उनू ना," ते म्हणाले. "कोनी बलावं माले?"

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी गिटारवर डोकं टेकवून हसत होतो. नानाच्या हातातलं ताट डगमगलं, मीना भिंतीला धरून खाली बसली. अक्काचे पदराआडून खांदे हलत होते. ती रडते आहे की काय म्हणून मी वाकून पाहिलं तर बाई तोंडात पदर कोंबून हसत होती. मला आयुष्यात क्वचितच इतकं बरं वाटलं असेल.

पंगतीत अक्काने माझ्या ताटात स्वतःच्या हाताने रोट वाढला.

"सुभ्या, तू तं म्हने, मशीन मन्हा मांगे चाली. मी तं तिन्हा मांगे पयनू."

"अक्का, मी तुन्हा मांगे व्हतू."

"मंग म्होरे कोन व्हतं?"

याचं उत्तर आमच्या भाऊबंदकीत अजून कोणाला सापडलेलं नाही.

"पन आवाज उना ना वर," ती हळूच म्हणाली. "माले वाटनं, सरना." आणि कढी आणायला गेली. पलीकडे आबा तिसरा रोट मोडत प्रत्येकाला विचारत होते, ती पुन्हा म्हणणार आहे का.

परवा नानाचा फोन आला. "औंदा डबा लई ये भो. आबानी सांगेल शे."

माझी छाती फुगली. मी म्हटलं, "आणतो. आणि नाना, या वर्षात मी चौथी कॉर्डसुद्धा बसवली आहे."

"गिटार ऱ्हाऊ दे."

"मग नुसता डबा कशाला?"

"अक्का म्हनस, तो डबा समोर दिसना का माले राग येस, आन राग उना का आवाज निंघस."

मी विचारलं, "आणि मी?"

"तू बी ये ना," नाना म्हणाला. "डबा जड शे, उचलाले कोनी तं लागी."