गोड आवाजातल्या शिव्या

आर्डिस लिंडक्विस्टला सगळ्यात जास्त संताप यायचा तो सल्ल्यांचा. "खोल श्वास घे, आर्डिस." "केळं खा." "पेपरमिंट चघळ." "परीक्षक नुसत्या चड्डीवर उभा आहे असं समज, भीती कुठल्या कुठे पळेल." साठी ओलांडलेल्या बाईला श्वास कसा घ्यायचा हे शिकवायला अख्खा क्लब रांग लावून उभा. एकदा तर कुणीतरी तिला न विचारता तिच्या कॉफीत कसल्याशा फुलांच्या अर्काचे थेंब टाकले. आर्डिसने ती कॉफी त्या बाईच्या देखत गवतावर ओतली.

मुळात ती भित्री नव्हतीच. मिनेसोटातल्या त्या गावात गेली कित्येक वर्षं ती शाळेची बस चालवत होती. रस्ता काचेसारखा गोठलेला, मागे पोरांचा कलकलाट, आणि वळणावर अचानक हरीण समोर, असं कितीदा तरी झालं होतं. तेव्हा तिचे हात कधी हलले नाहीत. पण कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीचं रिंगण समोर आलं, की तेच हात तिचं ऐकेनासे व्हायचे. नाव पुकारायच्या आधी ती हमखास संडासाकडे पळायची आणि सकाळची कॉफी बाहेर काढून यायची.

तिची कुत्री लेफ्सा. बेवारस कुत्र्यांच्या आश्रमातून आणलेली, पांढुरकी, अंगभर तपकिरी डाग. तव्यावरून उतरलेल्या लेफ्सासारखी, म्हणजे बटाट्याच्या नॉर्वेजियन पोळीसारखी, दिसते म्हणून आर्डिसच्या नवऱ्याने, मर्लने, तिला त्या पोळीचंच नाव ठेवलं. घरामागच्या कुरणात दोघींचं असं जमायचं की बघत राहावं. आर्डिसने नुसता खांदा वळवला तरी लेफ्सा ओळखायची, आता उडी, आता बोगदा की आता ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी. पण रिंगणाच्या तोंडाशी आर्डिसच्या हातातला पट्टा थरथरायला लागला, की लेफ्सा मान वर करून तिच्या तोंडाकडे बघायची. मग दांड्या पाडायची, भलतीकडेच धावायची, एकदा तर दोरीखालून बाहेर पडून कुणाच्या तरी डब्यातलं सँडविच खाऊन आली.

क्लब चालवायची कोरिन ब्राट, आर्डिसची जुनी मैत्रीण. उंच, देखणी, आवाज खणखणीत. तिच्या घरी एक भिंत नुसत्या बक्षिसांच्या रिबिनींनी भरलेली. एका सरावाला तिने सगळ्यांसमोर आर्डिसला सुनावलं, "कुत्रीत काही खोट नाही गं. खोट तुझ्यात आहे. तुझी भीती पट्ट्यातून खाली उतरते आणि तिला चढते. विष पाजतेस तू तिला."

त्या वसंतात कोरिनचा स्वतःचा कुत्रा गुडघ्याने अधू झाला. मग ती गोड बोलत आली. "एवढ्या एका शर्यतीला मी पळवू का हिला? तू बाहेरून बघ. तुझं मन शांत झालं की घे परत." आर्डिसने हो म्हटलं. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं झालं.

एका शर्यतीच्या दोन झाल्या, आणि बघता बघता उन्हाळा सरला. लेफ्सा जिंकत होती. रिबिनी कोरिनच्या भिंतीवर लागत होत्या. गावच्या वर्तमानपत्रात फोटो आला, खाली छापलेलं: 'कोरिन ब्राट आणि तिची लाडकी लेफ्सा'. मर्लने बिचाऱ्याने ओळ न वाचताच तो कापून फ्रिजवर लावला. आर्डिसने तो काढला, चुरगळला आणि शेगडीत घातला.

"अगं, आपल्या कुत्रीचा फोटो होता तो," मर्ल म्हणाला.

"आपल्या? खालचं वाच म्हणावं तर आता राख झाली त्याची."

ऑगस्टात तळ्याकाठी क्लबचं जेवण होतं. तिथे आर्डिसने कोरिनला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "ऑक्टोबरच्या शर्यतीला लेफ्साला मी पळवणार."

"अगं, अर्थातच!" कोरिनने तिला मिठीच मारली. "कुत्री तुझीच आहे ना बाई!"

ऑक्टोबरात आर्डिस सरावाला एक दिवसही चुकली नाही. शर्यतीच्या सकाळी मर्ल मक्याची कापणी टाकून तिच्यासोबत आला. जत्रेच्या मैदानावरचं घोड्यांचं ते जुनं पत्र्याचं रिंगण, आत ओल्या मातीचा आणि लिदीचा वास, बाहेर धुकं. आर्डिस नेहमीप्रमाणे पांढरीफटक पडलेली. ती लेफ्साला घेऊन फाटकाशी आली. फाटकावर म्हातारा वेंडेल बसला होता, एकेकाला आत सोडायला. त्याने चष्मा सावरून हाक दिली, "पुढचा नंबर, कोरिन आणि लेफ्सा!"

आर्डिसला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "वेंडेल, काय म्हणालास? परत म्हण."

"कोरिन आणि लेफ्सा. तिनेच तसं लिहून दिलंय ना."

तेवढ्यात कोरिन आलीच, धावायचे बूट घालून, खिशात कुत्र्याचा खाऊ भरून. पट्ट्यासाठी हात पुढे. "आर्डिस, आता चिडू नकोस हं. तुझ्या भल्यासाठीच केलंय. तोंड बघ तुझं, चुन्यासारखं झालंय. कशाला जिवाला त्रास? नंतर आभारच मानशील माझे."

मागे रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "कोरिननेच घडवली ना ती कुत्री. ही बिचारी नुसती नावाची मालकीण." हळू म्हणाली, पण पत्र्याखाली हळू काहीच राहत नाही.

आर्डिसच्या कानशिलांत रक्त उसळलं. "हात मागे घे, कोरिन."

"अगं पण..."

"हात मागे घे म्हणते ना! ऑगस्टात माझ्या गळ्यात पडून काय म्हणाली होतीस? खोटारडी! माझी कुत्री, माझ्या घरात झोपते, माझ्या ताटातलं खाते. तू कोण गं माझ्या जिवाची काळजी करणारी? वेंडेल, नाव बदलायला काय लागतं?"

"काही नाही, आर्डिसबाई," वेंडेल घाबरून म्हणाला. "कोण पळणार तेवढं सांगा."

"मी पळणार."

रिंगणात पाऊल टाकताना तिच्या लक्षात आलं, हात थरथरत नाहीत. पोटही गप्प. बसच्या चाकावर असायचे तसे घट्ट हात. तिला वाटलं, सापडलं औषध. एवढी पेपरमिंटं, केळी, श्वास, आणि खरा उपाय हा. चिडायचं नुसतं!

"चल!" ती गरजली.

लेफ्सा जागची हलली नाही. कान मागे चिकटवून बघत राहिली.

"चल म्हणते ना!"

मग ती निघाली. पहिली दांडी ओलांडली, पण पाय जड झाल्यासारखी. दुसरीपाशी जमीन हुंगायला लागली. आर्डिस ओरडत होती, हातवारे करत होती आणि लेफ्सा प्रत्येक ओरडण्यासरशी अंग चोरत होती. बोगदा आला तशी ती पळतच आत शिरली, आणि आतच राहिली.

आर्डिस बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी उभी. कुत्री येईना. "बाहेर ये! लेफ्सा! बाहेर!" बोगद्याचं पिवळं कापड आतून थोडं हललं आणि पुन्हा थांबलं. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं.

"मी हाक मारते तिला!" कोरिन फाटकावरून ओरडली. "माझ्या आवाजाला येईल ती!"

"एक पाऊल आत टाकून तर बघ!" आर्डिस उलट ओरडली. तशी आतली लेफ्सा आणखी मागे सरकल्याचा आवाज आला.

आर्डिस गुडघ्यांवर बसली, मग दोन्ही हात मातीत टेकून तिने आत डोकावलं. बोगद्याच्या वळणावर दोन डोळे. पोटाला शेपूट चिकटलेलं, जीभ सारखी नाकावरून फिरतेय. हे रूप तिने एकदाच पाहिलं होतं, आश्रमातल्या पिंजऱ्यात, तिला आणायला गेली त्या दिवशी. कुत्री कोरिनला घाबरली नव्हती, लोकांना घाबरली नव्हती. ती आर्डिसलाच घाबरली होती.

परीक्षक जवळ आला. सडपातळ, शांत माणूस. "बाई, वेळ घ्या," तो म्हणाला. "ही फेरी तशीही संपल्यात जमा आहे. तिला सावकाश बाहेर काढा."

आर्डिस पोटावर आडवी झाली. चांगला स्वेटर मातीत गेला. आता काय बोलावं? राग तर गेला नव्हता. छातीत भट्टी तशीच धगधगत होती आणि ती विझवायची कशी हे तिला ठाऊक नव्हतं. श्वासाने विझणारा तो राग नव्हे. पण आवाज तिच्या ताब्यात होता. तिने तो खाली आणला, अगदी खाली, रात्री कुत्रीला कुशीत घेऊन बोलायची तेवढा.

"माझी सोनुली," ती म्हणाली. "माझी बटाट्याची पोळी. तुझ्यावर नाही गं चिडले मी. ती बाहेर उभी आहे ना, ती चोरटी म्हैस, तिच्यावर चिडलेय. खोटारडी आहे की नाही ती? आहे ना? सटवी मेली. हो गं माझी राणी. तिच्या सगळ्या रिबिनी भट्टीत घालू आपण. घालू ना?"

लेफ्साचे कान किंचित पुढे आले.

"आणि मला भीतीही वाटते गं. खूप वाटते. एवढी माणसं टक लावून बघतात, मला ओकारी येते. तुझी आई घाबरट आहे. कुणाला सांगू नकोस हं, माझं पिल्लू."

शेपटीचं टोक एकदा कापडावर आपटलं. मग पुन्हा. लेफ्सा सरपटत पुढे आली आणि आर्डिसच्या मातीने भरलेल्या तोंडाला तिने जीभ लावली. परीक्षकाने सगळं ऐकलं होतं. तो दुसरीकडे बघत उभा राहिला, पण त्याचे खांदे हलत होते.

फेरी बाद झाली. बाहेर येताना कोरिन वाटेत उभी होती. आर्डिस तिच्या अंगावरून वारा जावा तशी गेली.

दुपारची फेरी अजून बाकी होती. मर्ल पिकअपमध्ये रेडिओ ऐकत बसला होता. बायकोचा स्वेटर बघून त्याने रेडिओ बंद केला.

"घरी जायचं?"

"नाही. तू उतर जरा. मला हिच्याशी बोलायचंय."

तो उतरला आणि धुक्यात उभा राहिला. आर्डिस मागच्या सीटवर लेफ्साला मांडीवर घेऊन बसली आणि बोलत सुटली. कोरिनबद्दल, वर्तमानपत्राबद्दल, त्या रांगेतल्या बाईबद्दल. जे जे उन्हाळाभर गिळलं होतं ते सगळं, एकेक अपशब्द निवडून, लहान बाळाला झोपवावं अशा आवाजात. राग आटला की भीती वर यायची, मग तीही सांगायची: हात बघ माझे, परत थरथरायला लागले, पोटात गोळा आलाय, तरी आपण जाऊ हं. लेफ्सा जांभई देत ऐकत होती. खिडकीबाहेरून मर्लला बायकोचे ओठ हलताना दिसत होते. त्याला वाटलं, प्रार्थना करतेय.

दुपारी वेंडेलने या वेळी नीट हाक दिली, "आर्डिस आणि लेफ्सा!" आर्डिसचे हात थरथरत होतेच. तिने ते लपवले नाहीत. पुटपुटतच ती आत गेली आणि पुटपुटतच धावली. "उडी माझ्या राणी, सटवी बघतेय, बोगदा गं सोने, शाब्बास, काठ्या, काठ्या, काठ्या." लेफ्सा बोगद्यातून सुसाट बाहेर आली. सीसॉवर थांबायचं तिथे थांबली. शेवटून दुसऱ्या उडीला आर्डिस स्वतःच अडखळली, उशिरा वळली आणि दांडी पडली. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा धाप लागून तिला उभं राहवेना. बक्षीस काही मिळालं नाही. पण पूर्ण फेरी दोघींनी मिळून पळून काढली, हे आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

कोरिन हात पसरून आली. डोळ्यांत पाणीबिणी. "बघ! मी म्हणत होते ना, तुझ्यात आहे म्हणून! ये, झालं गेलं सोडून दे."

"नाही सोडत," आर्डिस म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही. लेफ्सा पायाशी होती.

"अगं, एवढ्या वर्षांची मैत्री आपली..."

"म्हणूनच. परक्या बाईने केलं असतं तर विसरले असते. तू मला माझ्याच कुत्रीला विष पाजणारी बाटली ठरवलंस आणि मग बाटली बाजूला सारून कुत्री घेतलीस. रिबिनी ठेव भिंतीवर, तूच पळालीस त्यांच्यासाठी. पण मला अजून राग आलाय, आणि तो घालवायची मला मुळीच घाई नाही."

कोरिन रडत गेली. बायका आर्डिसकडे अशा बघत होत्या की जणू तिनेच काही चोरलंय. क्लबात पुढे बोललं गेलं की आर्डिस लिंडक्विस्ट मनाची फार कठीण. नोव्हेंबरात तिने तो क्लब सोडला आणि नदीपलीकडच्या गावातल्या क्लबात जायला लागली. तिथे कुणी तिला ओळखत नव्हतं आणि घोड्यांच्या तबेल्यात चालणारा सराव गारठ्याने हाडं गोठवायचा, तरी ती गेली.

शर्यतीच्या त्या संध्याकाळी मात्र मर्लने खाण्याच्या टपरीवरून वाइल्ड राइस आणि कोंबडीचं सूप आणलं होतं. दोघं पिकअपमध्ये बसून ते पीत होते, काचांवर वाफ धरली होती.

"निवलीस का?" मर्लने विचारलं.

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि आपल्या वाटीतले कोंबडीचे तुकडे वेचून त्याने मागच्या सीटवरच्या लेफ्सापुढे हात केला.