डाव्या चाकाचे बुश

कोरड्या धातूवर धातू घासल्याचा तो आवाज – आधी बारीक, कण्हल्यासारखा, मग एकदम तुटणारा – अजून माझ्या कानात आहे. तो कशामुळे झाला, हे मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही. नवऱ्याला नाही, कवितेच्या वहीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे. ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे कसे पाहाल, याची धास्ती बाळगण्याइतकेही बळ आता उरलेले नाही.

कळंबजवळच्या एका रिसॉर्टची व्यवस्था माझ्याकडे आहे. तिथे तळ्याकडे उतरत जाणारी मोठी हिरवळ, आणि ती कापायला बसून चालवायचे यंत्र. त्याची मागची चाके मोठी. पुढची दोन लहान, हवी तशी वळणारी. या लहान चाकांच्या आत, आसाभोवती, बोटाएवढी नळकांडी असतात. त्यांना बुश म्हणतात. ते झिजले, की चाक डुगडुगते आणि यंत्र हाताचे ऐकत नाही. हे मला सुमनने शिकवले.

सुमन आधी खुरप्याने तण काढायची. एकदा यंत्राचा चालक काम सोडून गेला, तेव्हा तिने ते चालवायला मागितले आणि मी दिले. बायकांच्या हातांवर कविता लिहिणारी मी – दुसरे काय करणार होते? मालक नाखूश होते. ‘बघू,’ एवढेच म्हणाले. सुमन दर गुरुवारी यंत्र टेकूवर चढवायची आणि चाकांत ग्रीस भरायची – जुने काळे ग्रीस बाहेर ढकलले जाऊन मागून स्वच्छ पिवळे दिसेपर्यंत. माळी दत्तू चिडवायचा, “विमान उडवतेस का गं?”

“बस मागं. उतरायचं तुझं तू बघ.”

तिने कापलेल्या हिरवळीवरचे पट्टे इतके सरळ असत, की मला माझ्या ओळींची लाज वाटे.

मग ते पट्टे वाकडे येऊ लागले. “मॅडम, डावं चाक हलतंय. ग्रीसनं भागायचं नाय आता, बुश बदलाया पायजे.” मी खोपोलीच्या दुकानातून बुश मागवले. चारच दिवसांत ते आले. मी घाईत होते; पुडके माझ्या खोलीतल्या साड्यांच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवले आणि – विसरले. विसरणे हा काही गुन्हा नव्हे, नाही का?

तिने दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी ‘येतील’ म्हणाले, ते खरोखर विसरूनच. तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा मला आठवले. तिच्यासमोर उभी असतानाच आठवले. आणि मी म्हणाले, “नाही गं, अजून आले नाहीत.”

का? तीन आठवडे ते कपाटात पडून होते, हे तिला सांगायची लाज वाटली म्हणून. तेवढ्याचसाठी. सोमवारी ‘आजच आले’ म्हणून देऊ, असे मनाशी ठरवले. मध्ये फक्त एक शनिवार होता. संध्याकाळी लग्न होते, हिरवळ कापायलाच हवी होती. “जपून घे,” मी तिला म्हणाले. खोटे बोलून झाल्यावर माणूस किती मायेने बोलतो –

उतारावर चाक अडकले. तो आवाज झाला. यंत्र एका अंगाला ओढले गेले, तळ्याच्या दगडी काठावर आदळले आणि कलंडले. सुमनने उडी मारली म्हणून वाचली; कोपर तेवढे सोलपटले. मालक धावत आले. “बाईच्या हाती मशीन दिली, तेव्हाच मी बोललो होतो.”

“बुश गेला होता साहेब,” सुमन म्हणाली. “मॅडमनी मागवलाय. दुकानवाल्यानंच धाडला नाय अजून.”

माझे खोटे तिने खरे मानले होते. त्याच्याच आधाराने ती मला सांभाळून घेत होती. मालक माझ्याकडे वळले. “मागवला होता?” हो म्हटले असते, तर त्यांनी तिथल्या तिथे दुकानात फोन लावला असता. मी म्हणाले, “मला असं काही आठवत नाही.”

सुमनने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. नेमके काय निखळले, ते शोधावे तसे.

मंगळवारी मी पुडके दत्तूच्या हाती दिले. यंत्र आता त्याच्याकडे गेले होते. त्याला चाक उतरवता येईना, म्हणून त्याने सुमनलाच हाक मारली. तिने पुडके फोडले, नवा बुश नाकाजवळ नेला. माझ्या साड्यांना येतो तोच डांबराच्या गोळ्यांचा वास दूर उभ्या असलेल्या मलाही येत होता. तिने जुना बुश ठोकून काढला, नवा बसवला, ग्रीस भरले, हात पुसले आणि खुरपे घेऊन कुंपणाकडे गेली.

याला सहा वर्षे झाली. त्यानंतर तिथे कुठल्याच बाईला यंत्र मिळाले नाही. मी मात्र बायकांच्या हातांवर लिहीत राहिले, आणि लोक वाखाणत राहिले.

गेल्या महिन्यात दत्तूने काम सोडले. मी कुंपणाशी गेले. खरे सांगायलाच निघाले होते – निदान वाटेत तसे वाटत होते. तोंडून बाहेर पडले ते वेगळेच, उपकार करावा तसे: मालकांशी मी बोलते, तू पुन्हा मशीन घे.

ती उकिडवी बसली होती. हात थांबले नाहीत. एक लव्हाळा मुळासकट उपटून तिने बाजूच्या ढिगावर टाकला, आणि मान वर न करता म्हणाली, “नको.”