चुलत्यांचं जहाज

आमचे चुलते म्हणजे गेवराई तालुक्यातले एकमेव जहाजमालक. समुद्र त्यांनी टीव्हीवर पाहिलेला, पण त्याने काही अडलं नाही. गोदावरीत त्यांची वाळू उपसायची पत्र्याची बोट होती. इंजिन सुरू झालं की काठच्या माणसांना खाणाखुणा करून बोलावं लागे. परवान्याचं कुणी विचारलं की चुलते गोदामाईला हात जोडत. घराच्या फाटकावर त्यांनी तीन शिडांचं गलबत रंगवून घेतलं होतं, आणि काकू त्या शिडांवर ओले टॉवेल वाळत घालायची.

मागच्या हिवाळ्यात चुलतबहिणीला तेलगावचं स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. चहा संपवून मुलाचे वडील म्हणाले, "आता जहाज दावा की." चुलत्यांना दुसरं काय हवं होतं! जीप भरून सगळे नदीवर गेलो, बहीणसुद्धा.

काठावर महसूलचं पथक आधीच हजर होतं. बोट धरलेली, स्फोटाने उडवायची तयारी चाललेली. साहेबांनी चुलत्यांना विचारलं, "ही नाव कुणाची?"

हो म्हणावं तर गुन्हा, नाही म्हणावं तर सोयरीक जायची. चुलते म्हणाले, "काय की साहेब. आमी पाव्हण्यायला नदी दावायला आलतो."

बोटीच्या पुढच्या अंगाला लाल रंगात माझ्या बहिणीचं नाव होतं, चुलत्यांनीच हौसेनं लिहून घेतलेलं. साहेबांनी ते वाचलं आणि विचारलं, "मग हे नाव कुणाचं?"

"तेबी ठावं न्हाई," चुलते म्हणाले. "आसंल कुनीतरी."

बहीण शेजारीच उभी होती. मला चुलत्यांची अशी चीड आली की सांगता सोय नाही. आम्हाला मागे सारून पथकाने जिलेटीन लावलं आणि जहाज गोदावरीला मिळालं.

नवल म्हणजे सोयरीक टिकली. मुलाचे वडील जीपमध्ये खुशीत होते. "इवाई आसावा तर आसा! डोळ्यादेखत माल गेला, पर गडी हालला न्हाई."

घरी पेढ्यांचा पुडा उघडला. पाहुण्यांच्या पाया पडायला काकूने बहिणीला बोलावलं. ती आली, पण वाकली नाही. चुलत्यांकडे बघून म्हणाली, "अप्पा, ज्या पोरीला तुमी वळखत न्हाई, तिचं लगीन कावून ठरवायलात?"

काकूने पुडा बंद केला.