पाठमोरे नथूकाका

नाटकाकडे पाठ करून बसणारा दिग्दर्शक मी आयुष्यात एकच पाहिला. ते पालघरजवळच्या आमच्या माहीमचे नथू तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, तिच्यावर त्याचा शब्द शेवटचा. आमच्या उन्हाळी नाटकांवरही शेवटचा शब्द त्यांचाच असे. देवळापुढचा चौथरा हा आमचा रंगमंच. तालीम सुरू झाली की काका एक लाकडी खुर्ची उचलत, चौथऱ्यासमोर ठेवत आणि तोंड समुद्राकडे करून बसत. मांडीवर फाटकं जाळं, हातात ते विणायची सुई. मागे आम्ही घसा फोडून रडतोय, मरतोय, एकमेकांना शाप देतोय, आणि दिग्दर्शक जाळ्याची भोकं बुजवतोय!

मी विशीत असताना पहिल्यांदा त्यांच्या तालमीला गेलो. पालघरच्या कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळवून आलो होतो, त्यामुळे नायक आपणच, याबद्दल मला शंका नव्हती. एक लांबलचक स्वगत म्हणून दाखवलं. काकांनी मान वळवली नाही. शेवटी मी चिडून म्हणालो, "काका, जरा बघा तरी!"

"बगू कशाला?" ते म्हणाले. "धुक्यात दर्यावर दुसरी होरी दिसते काय? आवाजच ऐकावा लागतो. तोंड बगितलं का मानूस फसतो. पाट फिरवली का खरा आवाज येतो."

"मग माझा आवाज कसा आहे?"

"मोटा हाय," ते म्हणाले आणि मला हवालदाराचं काम दिलं. वाक्यं दोन. नायकाचं काम नामदेवला गेलं, ज्याला स्वतःच्या घरचा निरोप सांगतानाही घाम फुटायचा. मी घरी येऊन आईजवळ थयथयाट केला. धाकटा भाऊ वसंत पडदा ओढायला असायचा. तो म्हणाला, "दादा, हवालदाराला टोपी मिळते." त्याला खरंच वाटत होतं की त्याने माझी समजूत घातली.

मी बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. तिथे प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर लिहिलेलंच बाटलीत असतं. अशा माणसाला नथूकाका समजणं अवघडच. नाटकाची तारीख विचारली की ते म्हणत, "भांगाच्या दुसऱ्या दिशी." उधाणाला होड्या समुद्रात, आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असली, पाण्याला ओढ नसली की सगळ्या किनाऱ्याला. म्हणून आमची वैशाखातली नाटकं भांगात. हे मला पाठ होतं, पण ती तारीख कॅलेंडरात शोधता शोधता मी दरवर्षी एकदा तरी चुकत असे. माझ्यासोबत काम करणारा यादव एकदा माझ्या भरवशावर दोन दिवस आधीच सहकुटुंब येऊन वाळूत बसला होता. तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा विचारायला हजर. "सर, आपका नाटक कब है? समझ में तो कुछ नहीं आता, पर मज़ा आता है." नथूकाकांबद्दल माझंही मत साधारण हेच होतं.

सगळ्यात मोठा गोंधळ कामं वाटण्याचा. होळीच्या दुसऱ्या दिवशी काका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेली यादी वाचत. ज्याला जे येत नाही नेमकं ते काम त्याला. एका वर्षी सुमनवहिनी आणि कुंदावहिनी या सख्ख्या जावांना त्यांनी आई आणि लेक केलं. बोंबील सुकवायच्या बांबूंवरून दोघींचं वाजलेलं, दोन वर्षं बोलणं बंद. एकीच्या दारावरून दुसरी जात नसे. आणि नाटकात तर आई लेकीची वेणी घालते! गाव म्हणालं, म्हातारा येडा झाला.

पहिला आठवडा दोघी आकाशाकडे बघून वाक्यं म्हणत होत्या. वेणी घालायची तर सुमनवहिनी केसांपासून वीतभर लांब हवेत फणी फिरवायची. काका पाठमोरे म्हणाले, "फनीचा आवाज नाय येत." मग फणी केसांना लागली. एका संध्याकाळी ती गुंत्यात अडकली आणि कुंदावहिनी कळवळली. सुमनवहिनी एकदम म्हणाली, "थांब गं बाय, हलू नको. गाट हाय, मी सोडवते."

हे वाक्य नाटकात नव्हतं. काकांची सुई थांबली. मान न वळवता ते म्हणाले, "हे ठेवा. लिवून घ्या."

त्या वर्षी नायक दुसऱ्या अंकात सगळं विसरला, हवालदार म्हणून मीच त्याला धरून आत नेलं. पण वेणीच्या प्रवेशाला बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दुसऱ्या दिवशी मी काकांना गाठलं. "तुम्ही मुद्दाम केलंत?"

"होरीत दोगे भांडले तर त्यांना काय लांब बसवायचे? होरी गोल गोल फिरंल. एकाच वल्ह्यावर बसवायचे."

"अहो, पण नाटकाचं काय?"

"नाटक दोन घटकेचं. गावात रोज ऱ्हायाचं हाय."

इतकं स्पष्ट सांगितल्यावर माझा गोंधळ संपायला हवा होता. पण हा उपाय दरवेळी लागू पडत नसे. बाळकृष्ण आणि मोरेश्वर या दोन वैऱ्यांना त्यांनी जिवलग मित्र केलं. मिठीच्या प्रवेशात बाळकृष्णाने मोरेश्वरच्या अशी कानफटात दिली की प्रेक्षकांनी वन्स मोअर मागितला. काकांनी पुढच्या वर्षी पुन्हा त्यांनाच घेतलं. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, "आता मोरेश्वरची पाळी." ते दोघे आजही बोलत नाहीत, पण तालमीला दोघेही वेळेवर येतात. याला यश म्हणायचं की अपयश, मला कळलेलं नाही.

पुढे नोकरी, लग्न, पालघरला घर. माझं नाटक सुटलं. वसंत गावातच राहिला; पानमळा सांभाळत होता, आईला सांभाळत होता आणि उन्हाळ्यात पडदा ओढत होता. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं वसंतनेच केलं. मी रविवारी फळं घेऊन जायचो. चार वर्षांपूर्वी ती गेली आणि दहाव्याला, सगळ्या भाऊबंदांच्या देखत, मी वसंतला म्हणालो, "मला वेळेवर कळवलं असतंस तर आई वाचली असती."

हे मी का बोललो? मला माहीत नाही. आई वाचणार नव्हती, हे मलाही कळत होतं. रविवारच्या फळांची लाज वाटत होती आणि ती कुणावर तरी फेकायची होती, एवढंच असेल. वसंत उठून मळ्यात गेला. त्यानंतर चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. नाटकाच्या दिवसांतही मी गावाकडे फिरकलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी माहीमला गेलो. दिवस अमावस्येचा, समुद्राला उधाण. पाणी सुरूच्या झाडांच्या मुळांना लागत होतं. चौथऱ्यावर कुणी नव्हतं, पण समोर खुर्ची होती आणि तिच्यावर चौथऱ्याकडे पाठ करून नथूकाका बसले होते. मांडीवर जाळं नव्हतं, बोटं मात्र विणल्यासारखी हलत होती.

"काका, कुणाची वाट बघताय?"

"तालीम हाय. पोरां आली नाय अजून." मग समोरच्या पाण्याकडे बघत म्हणाले, "आज भांग नाय काय?"

मी हादरलो. साठ वर्षं ज्याचं भरतीचं गणित चुकलं नाही, तो तांडेल उधाणाच्या पाण्याकडे बघून मला विचारत होता, आज भांग नाही का! मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. "दत्तू, तुजी दोनी पोरां कुटं हायत? एकत्र दिसत नाय ती."

मी "येतील," म्हणालो आणि त्यांना घरी पोचवून आलो.

यंदा माघात ते गेले. होळी झाली, यादी वाचायला कोणी नव्हतं. नाटक मंडळाचं काम आता दर्शना बघते. नामदेवची मुलगी, बापाची सगळी राहिलेली वाक्यं हीच बोलते. एके दिवशी तिचा फोन आला.

"काका, तांडेलबाबांच्या सुनेला सुतळीच्या डब्यात यादी सापडलीय, या वर्षाची. लग्नपत्रिकेवरच हाय. तुमचं नाव हाय."

"माझं? मी वीस वर्षं तोंडाला रंग लावला नाही गं!"

"थोरला भाऊ, अनंता, असं लिवलंय." मग म्हणाली, "धाकट्या भावापुढं वसंतकाकांचं नाव हाय."

"दर्शना, खरं सांग, यादीत बाकी काय आहे?"

बाकी सगळा सावळा गोंधळ होता. सावकाराचं काम जनार्दनला दिलेलं, ज्याला वारून आठ वर्षं झाली. सुमनवहिनीचं नाव दोनदा, एकदा आई म्हणून आणि एकदा पाटील म्हणून. आणि वसंत? त्याने जन्मात पडद्याच्या दोरीशिवाय कशाला हात लावला नव्हता. म्हणजे ही यादी विस्कटलेल्या डोक्याची. की त्या डोक्यात शेवटपर्यंत जे शाबूत होतं, तेवढं बरोबर लिहिलं गेलं? बाटलीवर चिठ्ठी होती, आत काय आहे ते कळत नव्हतं, आणि ज्याला विचारायचं तो निघून गेला होता.

"काका, हो का नाय ते सांगा. फलक रंगवायचाय."

"वसंत काय म्हणाला?"

"ते म्हनाले, तांडेलानं लिवलंय तर उभा ऱ्हातो. पुढचं दादाला इचार."

चार वर्षांनी त्याच्या तोंडून, दुसऱ्याच्या मार्फत का होईना, दादा हा शब्द ऐकला. मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर वाटलं, कशाला म्हणालो?

नाटक गावातल्याच एका निवृत्त पोस्टमास्तरांनी लिहिलेलं. दोन भाऊ वेगळे होतात, शेवटी थोरला परत येऊन धाकट्याला म्हणतो, "चुकलो मी." धाकटा म्हणतो, "झालं गेलं विसर, दादा." मग मिठी आणि पडदा. सरळसोट.

तालमींना मी कारखान्यातून परस्पर जातो. दर्शनाने काकांची खुर्ची पहिल्या दिवसापासून तिच्या जागी ठेवली आहे, समुद्राकडे तोंड करून. तिच्यावर कुणी बसत नाही. पहिले पंधरा दिवस मी आणि वसंत आकाशाकडे बघून वाक्यं म्हणत होतो, सुमनवहिनी-कुंदावहिनींसारखे. मी "चुकलो मी" म्हणायचो, वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेल्या आवाजात. तो पाठ केल्यासारखं "झालं गेलं विसर" म्हणायचा आणि पाणी प्यायला जायचा. घरी येताना रोज वाटायचं, म्हाताऱ्याच्या चुकीपायी आम्ही दोघे फुकट सोलून निघतोय.

काल संध्याकाळी मी माझं वाक्य म्हटलं आणि वसंत गप्पच राहिला. दर्शनाने पुढचे शब्द हळूच सांगितले. गप्प. तिने पुन्हा सांगितले. वसंत माझ्याकडे बघत होता. चार वर्षांत पहिल्यांदा.

"आईनं तुजी वाट बगितली," तो म्हणाला. "शेवटचे तीन दिवस. मी तुला फोन केलेला, दादा. तू म्हनालास, रविवारी येतो."

केला होता. मला आठवलं, की आठवत होतंच आणि मी विसरल्याचं सोंग आणलं होतं, ते मला सांगता येणार नाही. चौथऱ्यावरचे सगळे खाली बघू लागले. दर्शनाच्या हातातली वही तशीच राहिली. "हे… हे ठेवायचं का?" तिने विचारलं आणि आम्ही सगळ्यांनीच त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

खुर्ची काय बोलणार! मला वाटलं, वसंत आता घरी जाईल. तो चौथऱ्यावरून खाली उतरलाही. पण गेला नाही. खुर्चीपाशी गेला, तिच्यावर बसला, आमच्याकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून.

"आता म्हन, दादा," तो म्हणाला. "ऐकतो मी."

येत्या अष्टमीला, भांगाच्या दुसऱ्या दिवशी, आमचं नाटक आहे. ती यादी काकांनी समजून लिहिली की चुकून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. काल मात्र मी माझ्या धाकट्या भावाच्या पाठीकडे बघत उभा होतो. दर्शना शब्द सांगायला पुढे झाली, तिला मी हातानेच थांबवलं. मग जो आवाज आला तो मोठा नव्हता.

"चुकलो मी," मी म्हणालो.