कातळावरची चौकट

पीव्हीसी पाइपची चौकट घेऊन एसटीत चढायला धीर लागतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. ती सुटी करून पिशवीत नेता यावी अशी मूळ योजना होती, पण मी पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात चारही कोपरे सोल्युशन लावून कायमचे चिकटवून टाकले. त्यामुळे रत्नागिरी स्टँडवर जयगडच्या गाडीत मी चढले की कंडक्टर आधी चौकटीकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. खाट पूर्ण झाली की बसायला बोलवा, असं त्यांनी एकदा मला सांगून ठेवलं होतं.

मी पर्यावरणशास्त्रात संशोधन करत होते. घरी हे सांगितलं की लोक विचारत, म्हणजे झाडं लावतेस का? कॉलेजात पर्यावरणाचा पेपर म्हणजे फुकटचे मार्क, प्रकल्प म्हणजे मोठ्या बहिणीच्या वहीतून उतरवून काढायची गोष्ट, असा सगळ्यांचा समज. मीही तसाच उतरवला होता. पण एम.एस्सी.च्या पहिल्या पावसाळ्यात आमचे सर आम्हाला सड्यावर घेऊन गेले आणि माझं डोकं फिरलं ते फिरलंच. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्या कातळाचा उघडा माळ. मे महिन्यात तव्यासारखा तापलेला, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे पिकाला निरुपयोगी, म्हणून नोंदलेला. तोच सडा जुलैत बघावा! कातळाच्या खळग्यांत बोटभर पाणी, त्यात सीतेची आसवं म्हणतात ती इवली निळी फुलं, आणि फटीफटींतून वर आलेली पांढरीशुभ्र दीपकाडी. मी गुडघ्यावर बसले ती उठेचना. शेवटी सरांनी बस निघाल्याचं खोटंच सांगितलं.

दीपकाडीला जमिनीखाली कांदा असतो. जून-जुलैत ती फुलते आणि मग वर्षभर कुठे दिसत नाही. माझा प्रश्न साधा होता. ज्या फटीत यंदा फूल आलं, त्याच फटीत पुढच्या वर्षी येतं का, की तो कांदा एखादं वर्ष दडी मारून बसतो? हे कळलं तर सड्याचा एखादा तुकडा खणून काढल्यावर नेमकं काय जातं ते सांगता येणार होतं. पण त्यासाठी तीच चौकट त्याच जागी दुसऱ्या वर्षी पडायला हवी. बोटभरही इकडेतिकडे नको. मोबाइलवरचा नकाशा काही पावलांची चूक सहज करतो, त्याच्या भरवशावर राहता येत नव्हतं.

म्हणून खुणा करायच्या होत्या. आम्ही पर्यावरणवाले, तेव्हा लोखंडी खुंट्या कातळात ठोकायच्या नाहीत आणि ऑइलपेंट तर बापजन्मात नाही, असं लॅबमध्ये मोठ्या गंभीरपणे ठरलं. मी सड्यावरचेच दगड गोळा केले, त्यांना चुना फासला आणि प्रत्येक चौकटीच्या चार कोपऱ्यांना चार ठेवले. चुना वाहून पाण्यात उतरू नये म्हणून खळग्यांपासून लांबच्या जागा निवडल्या. लांबून काय सुरेख दिसत होते ते! पांढरे, सरळ रेषेत, शिस्तीत उभे. मी फोटो काढून सरांना पाठवला आणि दिवसभर स्वतःवरच खूश राहिले.

पुढच्या पावसाळ्यात चौकट खांद्याला लावून मी वर गेले, तर एकही दगड जागेवर नव्हता.

पहिल्यांदा वाटलं, वाट चुकले. मग वाटलं, गुरांनी लाथाडले. पण गुरं एकजात सगळे दगड लाथाडत नाहीत. मी रागाने लाल झाले होते. मला राग लवकर येतो आणि आला की काही सुचत नाही. सरांना फोन केला तर ते म्हणाले, जागा सापडल्या नाहीत तर सगळं पहिल्यापासून मांडावं लागेल. म्हणजे माझं गेलं वर्ष पाण्यात. शिष्यवृत्तीची मुदत तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरणारच नव्हती.

सड्याच्या कडेला एक काकी गुरं घेऊन उभ्या होत्या. डोक्यावर इरलं नव्हतं, प्लास्टिकचा कागद होता. मी तरातरा गेले आणि इथले दगड कोणी काढले म्हणून विचारलं. आवाज चढलेलाच होता.

"आमीच फेकले, बाय," काकी शांतपणे म्हणाल्या. "लपवायचं काय त्येच्यात?"

मग त्यांनीच सगळं सांगितलं. दिवाळीनंतर मुंबईवाले गावी आले होते. त्यांच्यातला एक जण सड्यावर फिरायला गेला आणि धावत खाली आला. सड्यावर कुणीतरी मोजमाप करून हद्दीचे दगड घातलेत! आदल्याच वर्षी एका गाडीतून साहेब लोक आले होते, टेप धरून सडा मोजून गेले होते आणि गावाला कुणी काही सांगितलं नव्हतं. आणि आता हे पांढरे दगड, चार-चारच्या चौकोनात. गाव वर चढलं आणि सगळ्यांनी दगड उचलून दरीत भिरकावून दिले. पहिला दगड काकींनी टाकला होता.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मीही त्यांच्या जागी हेच केलं असतं, आणि कदाचित जास्त लांब फेकले असते. आमच्या सरांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. कातळाला ओरखडा उठू नये म्हणून एवढं जपलंस आणि अख्ख्या गावाला चुना लावून आलीस, असं म्हणाले.

रविवारी गावाने मला देवळात बोलावलं. सभामंडपात माणसं भिंतीला टेकून बसली होती आणि कुणीही हसत नव्हतं. मी उभी राहिले आणि घाबरल्यामुळे नेमकं पुस्तकातलं बोलायला लागले. जैवविविधता झाली, अधिवास झाला, शाश्वत विकासावर आले, तर जयगडच्या बंदरात कामाला असलेल्या एका दादाने मला थांबवलं.

"ताई, हा शब्द त्या गाडीवाल्यांच्या कागदावर पण होता."

माझ्या प्रबंधाचं नावच त्या शब्दावर संपायचं, आणि या लोकांनी तो पहिल्यांदा वाचला तो जमीन मोजणाऱ्यांच्या कागदावर. मी खाली बसले. मग शब्दबिब्द सगळे सोडून फक्त फुलाचं सांगितलं. ते कुठे येतं, जगात इतरत्र किती कमी ठिकाणी येतं, मला कुठला प्रश्न पडलाय आणि माझं काय हरवलंय. शेवटी म्हटलं, मला काही नको, एकदा माझ्याबरोबर वर या. पटलं नाही तर चौकट इथेच ठेवून जाते.

गावचे वयस्कर मानकरी उठले. आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय चार माणसं मिळून काही करत नाहीत. त्यांनी देवासमोर हात जोडले.

"बा म्हाराजा, ही लेक तुज्या सड्यावर आलीय. कंपनीची नाय म्हणतेय. खरं असंल तर तिचं हरवलेलं गवसू दे. खोटं असंल तर तू बघून घे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले, आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा लागला.

वर पोचलो खरे, पण शोधायचं काय? काळाभोर ओला कातळ जिकडेतिकडे सारखाच. माणसं फिरून फिरून कंटाळली. दोघं-तिघं परत खाली निघालेही. मी वैतागून एका जागी फतकल मारली आणि हाताला लागलेला एक सुटा धोंडा उगाच उलथला. त्याच्याखालचा कातळ काळा नव्हता, तांबूस होता! धोंड्याखाली शेवाळ धरलंच नव्हतं. मग माझे दगडही गेला अख्खा पावसाळा तिथे बसून होते की! मी उठून ओरडत सुटले, काळ्यात तांबडे डाग बघा, वितीएवढे, चौकोनात!

मग जे काय झालं! अख्खं गाव कातळावर ओणवं. पदर खोचलेल्या बायका, सुट्टीला आलेले मुंबईवाले, बंदरातला तो दादा, मानकरी काठी टेकत. इथे एक! इकडे दुसरा! माझ्या पायांना थारा नव्हता. चार डाग मिळाले तिथे मी चौकट टेकवली. चारही कोपरे डागांवर बरोब्बर बसले. आणि आत, गेल्या वर्षी कागदावर मी जिथे फुली मारली होती त्याच फटीत, दीपकाडी उभी होती. मी रडायला लागले. कुणीतरी माझ्या पाठीवर हात फिरवला. अंधार पडायच्या आत बहुतेक सगळ्या जागा सापडल्या.

काकींनी एक दगड शोधून आणला आणि पहिल्या चौकटीच्या कोपऱ्यावर स्वतः ठेवला. बिनचुन्याचा.

"ह्यो माज्या हातचा हाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "ह्यो कुनी हलवलान तर गाठ माज्याशी." मग बाकीच्या कोपऱ्यांवरही माणसांनी तसेच दगड आणून ठेवले.

प्रबंध कधीच लिहून झाला. आता मी कॉलेजात शिकवते आणि दर पावसाळ्यात माझ्या विद्यार्थ्यांना त्याच सड्यावर घेऊन जाते. यंदा जूनच्या अखेरीस बंदरातल्या त्या दादाचा फोन आला. पुन्हा कुणीतरी गुपचूप येऊन सड्यावर हद्दीचे दगड घालून गेलं होतं, आणि सकाळीच गाव वर चढून ते काढायला निघालं होतं. मी तास सोडून रिक्षा केली. वर पोचले तेव्हा काम आटोपून माणसं खाली उतरत होती आणि सडा मोकळा झाला होता. मी धावतच माझ्या पहिल्या चौकटीपाशी गेले. चारही दगड जागच्या जागी होते, आणि त्यांच्याशेजारी काकी राखण करत बसल्या होत्या.