शिरोड्यातले शिळे बांगडे

मला खाण्यातलं कळतं, असं आमच्या घरात मी सोडून कुणी म्हणत नाही. तरी सुट्टी आली की बायकोला आणि आईला गाडीत बसवायचं आणि कुठल्या गावात कुणाच्या हाताला चव आहे ते शोधत फिरायचं, हा माझा हट्ट. परत आल्यावर आई तेच कालवण घरी करून बघते आणि बहुतेक वेळा तिचंच सरस होतं. मी ते कबूल करत नाही, एवढंच.

एप्रिलात शिरोड्याला निघालो. वाटेत ओळखीच्या बागेत काजू काढत होते. त्यांना हवी बी, वरचं फळ म्हणजे बोंडू आमचं. पाच-सहा पिकलेले बोंडू मी उभ्या उभ्या चोखले.

शिरोड्यात एका बाईंनी घराच्या पडवीत चार टेबलं मांडून नुकतीच खानावळ काढली होती. त्या दिवशी चारही भरलेली. पहिल्याच घासाला बांगड्याचं कालवण मला उतरल्यासारखं लागलं. सोलकढीही बिघडलेली वाटली.

"माका तर बरा लागता," बायको हळूच म्हणाली. आईही मन लावून जेवत होती. पण जाणकाराने गप्प बसायचं कसं?

"बाय, माशे शिळे आसत," मी पडवीभर ऐकू जाईल असं म्हणालो.

"सकाळचेच आसत ओ," बाई चुलीपासून म्हणाल्या. मी उठून हात धुतले. शेजारच्या टेबलावरच्यांनीही ताटं सारली. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पुढच्या रविवारी बंदरावर जाऊन मी स्वतः बांगडे पारखून आणले. बायकोने साफ केले, आई वाटपाला बसली आणि मी परसातल्या काजूखाली बोंडू खात बसलो. जेवताना पहिलाच घास तसाच लागला, तसाच उतरलेला. माझं तोंड वाकडं झालेलं आईने पाहिलं.

"बोंडू खावन वर कालवण खातस, मगे चव खंय लागतली रे?"

बोंडूने जीभ आखडते, हे काजूच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. मलाही ठाऊक होतं, पण माझ्या जिभेचं काही चुकू शकतं हे मनातच आलं नव्हतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. शिरोड्यालाही मी बोंडू चोखूनच जेवायला बसलो होतो.

माफी मागायची म्हणून मे महिन्यात आम्ही दोघं पुन्हा गेलो. काय बोलायचं ते मी वाटभर मनात जुळवत होतो. जेवणाची वेळ असून पडवीत एकच जोडपं होतं. बाईंनी मला ओळखलं नाही. ताटं मांडायच्या आधी त्या परातीत कच्चे बांगडे घेऊन बाहेर आल्या. आधी त्या जोडप्यापुढे, मग आमच्यापुढे वाकल्या आणि एकेका माशाचा कल्ला बोटाने उघडून आतला लाल रंग दाखवू लागल्या.

"ह्या कशाक?" बायकोने विचारलं.

"एक पावणो शिळे म्हणान उठान गेलो. गावभर झाला. तेवापासून आधी दाखवतंय, मगे रांधतंय. बगून घेवा."

बायकोने टेबलाखालून माझा गुडघा दाबला. बाई परात धरून तशाच उभ्या होत्या.

"ताजे आसत," मी म्हणालो.

"देव बरा करो तुमचा," म्हणत त्या आत गेल्या.