मामांचे वृंदावन

आयुष्यभर संगणकाच्या प्रोग्रॅमखेरीज काहीही न लिहिलेल्या माणसाने उतारवयात लेखणी हाती धरणे हे धाडसच आहे. वाचकांनी क्षमा करावी. परंतु इजिप्तमधील मृतांची इतकी काळजी वाहणारा माणूस माझ्या पत्नीच्या मामांखेरीज साऱ्या इंग्लंडात दुसरा नसेल, अशी माझी खात्री आहे.

मामा मूळचे नागपूरचे, स्ट्रक्चरल इंजिनियर. दोन हजार सालानंतर आम्ही मामा राहत त्या रीडिंग गावी राहायला गेलो, तेव्हा ते निवृत्त झाले होते आणि एकाच प्रश्नाने त्यांना पछाडले होते. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या विटांची बसकी थडगी बांधणाऱ्या लोकांना अचानक दगड का सुचला? जेवण आटोपले की ते खोबऱ्याच्या वड्यांची चवड रचत. खाली मोठी वडी, म्हणजे इजिप्तच्या एका राजाचे पहिले दगडी थडगे. तिच्यावर लहान, मग त्याहून लहान, की झाला पायऱ्यांचा पिरॅमिड. विवेचन संपेपर्यंत वडीला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. शेवटी मामी म्हणत, "अहो, खाऊ द्या त्यांना. जिवंत आहेत अजून ते!"

भिंत दिसली की ती बोटाने वाजवून पाहणे, ही मामांची दुसरी सवय. एका स्नेह्यांनी कर्ज काढून नवे घर घेतले आणि वास्तुशांतीला बोलावले. मामांनी दिवाणखान्याची भिंत वाजवली व सर्वांसमक्ष सांगितले, "पोकळ! यापेक्षा इजिप्तची कच्ची वीट बरी." त्या घरी आम्हांला पुन्हा आमंत्रण आले नाही.

मग मामी गेल्या. अस्थी समुद्रात विसर्जित झाल्या आणि पंधरवड्यातच मामांच्या मागच्या अंगणात दगड येऊन पडले. मामा तुळशीवृंदावन बांधू लागले. त्यांची मुलगी लंडनमधल्या हॅरोला राहते. वडिलांनी एकटे राहू नये म्हणून ती रडकुंडीला आली होती. "भावोजी, तुम्ही सांगा ना बाबांना. वरची रूम रेडी आहे. ते म्हणतात, वृंदावन झालं की येतो. पण ते होतच नाही!"

म्हणून एका शनिवारी मी गेलो. चौथऱ्यावर चौथरा चढून काम माझ्या छातीपर्यंत आले होते.

"मामा, इथल्या थंडीत तुळस बाहेर जगत नाही. मामी कुंडी कायम स्वयंपाकघरात ठेवायच्या."

"ठाऊक आहे मला."

"मग हे कुणासाठी?"

त्यांनी हातातला दगड फिरवून त्याची सपाट बाजू शोधली. "जावईबापू, त्या राजाच्या वास्तुकारानं आराखडा पुन्हा पुन्हा बदलला. आधी रुंदी वाढवली, मग थर चढवले. पुस्तकवाले म्हणतात, त्याचं कौशल्य वाढत गेलं." त्यांनी दगडावरची माती अंगठ्याने पुसली. "मला आता वाटतं, त्याला काम संपवायचंच नव्हतं. संपलं की दार बंद करून घरी जावं लागतं."

वृंदावन कधी पुरे होते, ते हॅरोला फोन करून कळवायचे मी कबूल केले होते. मामांनी तो दगड माझ्यापुढे धरला आणि अगदी सहज विचारले, "हा शेवटचा थर म्हणू का?"

वाचकहो, तुम्ही काय सांगितले असते?